झाडाला काही कमी पडू दिलं नाही

वरचा पालापाचोळा बाजूला सारावा

मातीचा नमुना कसा घ्यावा, याचं एक पत्रक मिळतं. त्यातली पहिली सूचना अशी, की वरचा पालापाचोळा, काड्या, खडे बाजूला सारावेत. त्यांचा तपासणीशी संबंध नसतो. तेव्हा मी सासऱ्यांच्या घरात का राहतो, 'जागा मिळेपर्यंत थोडे दिवस' म्हणून आलो होतो ते थोडे दिवस अजून का संपले नाहीत, आणि माझ्या साडूंच्या बंगल्यात गाड्यांसाठी वेगळी खोली कशी आहे, हे सगळं मी बाजूला सारतो.

उरतं ते एवढंच. घरामागे दोन खाटा मावतील एवढी मोकळी जागा आहे. तिथे लिंबाचं एक झाड आहे. झाड सासऱ्यांचं आहे.

सासरे निवृत्त ओव्हरसियर. आयुष्यभर त्यांनी पूल बांधले, आणि त्यांचा एकही पूल पडला नाही, हे ते जेवताना सांगतात. माझ्याशी त्यांचा संवाद दोन शब्दांचा: "द्या इकडे." मी खिळा ठोकायला हातोडी उचलली, की मागून आवाज येतो, "द्या इकडे." बल्ब, बरणीचं घट्ट झाकण, गुंता झालेली सुतळी, सगळं माझ्या हातातून त्यांच्या हातात जातं आणि तिथे मुकाट्याने सरळ होतं. एकदा मी स्वतःच्या शर्टाचं बटण लावत होतो. ते बोलले काहीच नाहीत, पण बघत होते.

तर असे सासरे गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी थोरल्या मुलीकडे निघाले. रिक्षात बसण्याआधी त्यांनी मला झाडाजवळ नेलं आणि काठीने बुंध्याकडे दाखवत म्हणाले, "जावईबापू, हे तुमच्यावर सोपवतोय."

या माणसाने माझ्या हातात दिलेली ही पहिली वस्तू.

"म्हणजे," ते पुढे म्हणाले, "दुसरं कोणी नाहीये म्हणून."

खड्डा पहिला

मी शाळेत भूगोल शिकवतो. आठवीला 'मृदा' हा धडा आहे. तो मी इतकी वर्षं शिकवतोय, की मातीला हात लावायची कधी वेळच आली नाही.

सासरे गेल्यावर थोड्याच दिवसांत झाडाची खालची दोन पानं पिवळी पडली. दोनच. पण मी ती पाहिली आणि मला साडूंचा चेहरा दिसला. पिवळं पान म्हणजे नत्र कमी, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय. बाजारातून युरिया आणला आणि बुंध्याशी मूठभर घातला. दुसऱ्या दिवशी झाडात काहीच फरक दिसला नाही. म्हणून आणखी एक मूठ. ही दुसरी मूठ शास्त्रात बसत नाही, हे मला ठाऊक होतं. पण शास्त्राला सासरे नसतात.

आठवड्याभरात पानांचे शेंडे करपले.

मग कुंपणावर माणसं जमायला लागली. आमचं मागचं कुंपण छातीएवढं आहे. त्यावर कोपर टेकवून बोलायला ते इतकं सोयीचं आहे, की बांधणाऱ्याने लोकांची उंची मोजून घेतली असावी असं वाटतं. उजवीकडे केमिस्ट काका. त्यांचं औषधांचं दुकान आता मुलगा चालवतो, त्यामुळे काकांचं निदान करणं फुकटात आणि दिवसभर सुरू असतं.

"अशक्तपणा आहे," काका म्हणाले.

"झाडाला?"

"झाडाला काय आणि माणसाला काय. टॉनिक पाहिजे. तुम्ही नुसतं नत्र दिलंत, म्हणजे भाकरीशिवाय नुसतं मीठ चाटवलंत."

डावीकडे पलीकडच्या वहिनी. "टॉनिकबिनिक काही नको, भाऊजी. उष्णता झालीय त्याला. डोळ्यांनी दिसतंय."

"काय दिसतंय?"

"चेहरा उतरलाय."

मी झाडाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वर्गात ज्या मुलाने अभ्यास केलेला नसतो आणि तरी ज्याला उभं केलेलं असतं, त्याच्यासारखं ते दिसत होतं. माझीही अवस्था वेगळी नव्हती.

रविवारी सासऱ्यांचा फोन आला. बायकोने गुडघ्याची चौकशी केली, बहिणीची केली, आणि फोन माझ्या हातात कोंबून ती स्वयंपाकघरात पळाली.

"झाड कसं आहे?"

"हिरवंगार."

"एक पान तोडा, चुरगळा, वास घ्या."

मी घेतला.

"कसला येतोय?"

"लिंबाचा."

"तेवढं मला इथून कळतं, जावईबापू. कसा येतोय ते विचारलं."

"जोरदार," मी म्हणालो. फोन ठेवल्यावर तळहात पाहिला. पानाचा नुसता भुगा झाला होता. वास येत होता, पण जुन्या वहीचा.

खड्डा दुसरा

माती परीक्षण केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. एक लांबट इमारत, एक खिडकी, खिडकीत एक गृहस्थ आणि गृहस्थांसमोर एक डबा. तो डबा त्यांना उघडायचा असतो आणि आपण मध्ये आलेले असतो.

मी प्लॅस्टिकच्या पिशवीतून माती नेली होती.

"प्लॅस्टिक चालत नाही. कापडी पाहिजे."

"माती तीच आहे."

"माती तीच असेल. पिशवी ती नाही. आणि ओली आहे ही. सावलीत वाळवा. एकाच ठिकाणची आहे?"

"झाड एकच आहे."

"झाड एक असलं तरी खड्डे चार-पाच करायचे. बुंध्याशी नाही, फांद्यांच्या टोकांखाली. सगळी माती मिसळायची, ढीग करायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे. पुन्हा चार, पुन्हा दोन टाकायचे. उरेल ती आणायची." हे सगळं त्यांनी डब्याच्या झाकणाकडे बघत एका श्वासात म्हटलं आणि वर पाहिलं. "क्षेत्र किती?"

"दोन खाटा."

"एकरात सांगा."

मी भूगोलाचा शिक्षक. मनातल्या मनात भागाकार केला आणि दशांश चिन्हानंतर शून्यांची रांग सांगायला लागलो. तिसऱ्या शून्याला त्यांनी हात वर केला. "एवढी जागाच नाहीये रकान्यात. एक एकर लिहितो."

अशा रीतीने, नोकरीला लागल्यापासून एक खोली घेऊ न शकलेला मी, एका खिडकीसमोर उभ्या उभ्या एकरभर लिंबाच्या बागेचा मालक झालो. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बाबांना नको सांगूस. त्यांचं झाड आहे."

पुढचे दोन दिवस मी खड्डे केले. पत्रकात चित्र असतं तसे, इंग्रजी व्हीच्या आकाराचे. कडेची चकती कापून घेतली, मिसळली, चार भाग केले, दोन टाकले. टाकताना वाईट वाटलं. तीही आपलीच माती. उरलेली व्हरांड्यात वर्तमानपत्रावर पसरली. बायकोने जुन्या उशीच्या अभ्र्याची पिशवी शिवली. अभ्रा फुलाफुलांचा होता. पिशवी तिनेच भरली, तिनेच बांधली आणि वर गुलाबी रिबीन लावायला निघाली होती, ती मी लावू दिली नाही.

खिडकीतल्या गृहस्थांनी पिशवी उलटसुलट पाहिली. "वाढदिवस आहे का कोणाचा?" ते म्हणाले, पण घेतली.

खड्डा तिसरा

अहवाल आला. मी तो दारातच उघडला. नत्र योग्य, स्फुरद योग्य, पालाश योग्य, सेंद्रिय कर्ब उत्तम. खाली शिफारस: *सध्या काहीही घालण्याची आवश्यकता नाही.*

मी तो तीन वेळा वाचला. शाळेत असताना मला असे गुण कधी मिळाले नव्हते. कुंपणापाशी गेलो आणि मोठ्याने वाचून दाखवला.

"मग रोग मनाचा आहे," केमिस्ट काका म्हणाले. "सासऱ्यांची आठवण काढतंय."

हे मला इतकं पटलं, की त्या संध्याकाळी मी सासऱ्यांची जुनी टोपी फांदीला अडकवली. (पत्रकात 'नमुन्यात बाहेरची कोणतीही वस्तू येऊ देऊ नये' असं स्पष्ट म्हटलंय. टोपी वगळावी.)

झाड मात्र आणखी पिवळं झालं. आता पिवळेपणाही नव्या जातीचा: पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या. नद्यांचा नकाशा असतो ना, तसं. वर्गात भिंतीवर लावायला सुंदर दिसलं असतं.

रात्री जेवताना मी म्हणालो, "मला कळत नाही. एवढी चांगली माती आणि..."

"चांगली येणारच," बायको भात वाढत म्हणाली. "हॉलमधल्या कुंडीतली होती."

माझा घास हातातच राहिला.

"काय?"

"अरे, तू वाळत घातली होतीस ती पाहिलीस का नीट? ढेकळं. त्यात एक बटण. अर्धा कंगवा. कुठलं तरी हाड होतं, मी नाही म्हणत कशाचं. ती पिशवी परकी माणसं टेबलावर उघडणार! आपल्या घरची माती म्हणून बघणार! काय वाटलं असतं त्यांना? मग मी कुंडीतली काळीभोर, भुसभुशीत घातली. चाळून."

"अगं, डॉक्टरकडे जाताना शेजारणीचं रक्त घेऊन जातात का?"

"शेजारणीचं नाही, आपल्याच हॉलमधलं. आणि ओरडू नकोस, वहिनींना ऐकू जातं."

"भाऊजी, मी काही ऐकत नाहीये," कुंपणापलीकडून आवाज आला.

माझा राग जेवण होईपर्यंतही टिकला नाही. कारण पाहुणे येणार म्हटलं, की पलंगाखाली सगळं सारण्यात मीही तरबेज आहे. आमच्या घरातली कुठलीही गोष्ट बाहेर जाते ती भांग पाडूनच जाते. माती तरी तशीच कशी जाणार?

खड्डा चौथा

त्याच झाडाची दुसऱ्यांदा माती द्यायची तर अर्ज लागतो, आणि अर्जात कारण लागतं. मी लिहिलं, 'घरगुती गैरसमज.' गृहस्थांनी ते वाचून पहिल्यांदाच माझ्याकडे आपुलकीने पाहिलं आणि शिक्का मारला.

या वेळी बटण, कंगवा वगैरे मी काढलं. माती मात्र झाडाखालचीच नेली. अहवाल पोस्टाने आला नाही. 'समक्ष भेटावे' असा निरोप आला. मुख्याध्यापक पालकांना पाठवतात तसा.

प्रयोगशाळेतल्या बाई चष्मा कपाळावर ठेवून कागद वाचत होत्या. त्यांना सर्दी झाली होती. टेबलावर दोन पिशव्या होत्या, दोन्ही फुलाफुलांच्या.

"तुमचं लिंबू?"

"सासऱ्यांचं."

"घरात माणसं किती?"

"आम्ही दोघंच. सासरे बाहेरगावी आहेत. का?"

"झाडाची देखभाल कोण करतं?"

"मी. एकटा."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला नीट पाहिलं. "हे एकट्या माणसाचं काम नाही. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, इतकं आहे, की आमच्या यंत्राला वाटलं आपणच बिघडलो. क्षार भरपूर. चुना भरपूर. राख पडलीय कुठून तरी. आणि लोह, तेही आहे."

"मग पानं पिवळी का?"

"आहे, पण झाडाला घेता येत नाही. बाकीच्यांनी वाट अडवलीय. एवढा चुना आणि स्फुरद झाल्यावर लोह मातीत नुसतं बसून राहतं." त्या शिंकल्या. "सगळं सगळ्यांना थोडं थोडं लागतं. एकाचा ढीग केला, की दुसरं समोर असून मिळत नाही. मुळात झालं काय होतं?"

"खालची दोन पानं पिवळी पडली होती."

"जुनी?"

"हो."

"पडतात," बाई म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या. एका शब्दावर माझी अख्खी मोहीम आडवी झाली.

नमुन्याचे चार भाग करावेत

त्या संध्याकाळी मी सगळ्यांना झाडाभोवती बोलावलं आणि अहवाल वाचला. मग शिक्षकी आवाजात विचारलं, "कोणी काय काय घातलंय?"

सगळे झाडाकडे बघत राहिले. वर्गात खिडकीची काच फुटली, की मुलं जशी फळ्याकडे बघत राहतात, अगदी तसे.

*भाग पहिला.* केमिस्ट काका: "सुपर फॉस्फेट. रोज फिरायला जाताना. थोडंच. कुंपणावरून हात पोचतो तेवढं." मग जरा थांबून, "माझा हात लांब आहे."

*भाग दुसरा.* पलीकडच्या वहिनी: "राख, भाऊजी. आणि अंड्यांची टरफलं. आमच्याकडे नातवंडं आलीत, रोज अंडी होतात. मी म्हटलं, दोन घरांत मायेचं माणूस एकच, ते दवाखान्यात. झाडाला कोण बघणार?"

*भाग तिसरा.* बायको: "बाबांच्या गोळ्या उरल्या होत्या. रक्तवाढीच्या. लोहाच्याच होत्या ना त्या? मी पुरल्या."

"किती?"

"डबी. जेवणानंतर घ्यायच्या होत्या म्हणून आधी पाणी घातलं."

*भाग चौथा.* मी. दोन मुठी, शिवाय आणखी एक, जिचा उल्लेख मी वर टाळला होता.

पत्रकाप्रमाणे आता यातले समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यायचे असतात. मी माझा आणि बायकोचा टाकायला तयार होतो. बायको म्हणाली, "आपण समोरासमोर नाही, शेजारी शेजारी उभे आहोत."

म्हणून चारही भाग ठेवले आहेत.

वाळवण

बाईंची शिफारस साधी होती. आधी भरपूर पाणी एकदम देऊन, निचरा होऊ देऊन क्षार खाली न्यायचे. मग वाळका पाला पसरून माती झाकायची. बुंध्याला चिकटू द्यायचा नाही. झाडाभोवती चवळी टोकायची, फुलावर आली की कापून तिथेच आडवी करायची. आणि बाकी काही नाही. पुढच्या तपासणीपर्यंत कोणी, कशानेही, काहीही नाही.

पहिला अहवालही हेच म्हणत होता, हे आठवून मी काही काळ हॉलमधल्या कुंडीकडे बघत बसलो.

काही न करणं किती अवघड असतं, हे मला आयुष्यात प्रथमच कळलं. सकाळी उठलं, की हाताला खाज सुटायची. काका कुंपणापर्यंत यायचे, हात मागे बांधायचे आणि तसेच उभे राहायचे. वहिनी टरफलं पदराखाली घेऊन यायच्या आणि तशीच परत न्यायच्या. मी पुठ्ठ्यावर पाटी लिहून लावली: *झाडाला कोणीही काहीही देऊ नये.* बाजूने जाणारा एक माणूस थांबून झाडात माकड शोधत होता.

पानं गळली. इतकी, की टोपी अडकवलेली फांदी खुंटीसारखी दिसायला लागली. पाण्याने माती धुतली, पाला पसरला, चवळी उगवली. बायको चवळीशी बोलायची; झाडाशी बोलायला तिला भीती वाटायची. आणि एके दिवशी अगदी शेंड्याला एक कोंब दिसला. नखाएवढा. पण हिरवा, शिरांसकट सगळाच हिरवा.

मी तो बघतच होतो, तेवढ्यात पुढे रिक्षा थांबली.

उरेल ती माती

सासरे ठरल्यापेक्षा आधी आले होते. नव्या गुडघ्याने, जुन्या काठीने, पिशवी खांद्याला. चहा न घेता सरळ मागे आले.

बराच वेळ ते उघड्या फांद्यांकडे बघत राहिले. मग टोपीकडे. मग पाटीकडे. कुंपणावर दोन्ही बाजूंना कोणीही नव्हतं. एरवी माणसं कमी पडत नाहीत तिथे.

"हिरवंगार," सासरे म्हणाले.

"मामा, मी खोटं बोललो. खत जास्त झालं. माझ्या हातून."

कुंपणाच्या उजवीकडे कोणी तरी खोकलं.

"साडूंना विचारायचं होतंत," सासरे म्हणाले. "त्यांनी हे दिलंय. त्यांच्या बागेत हेच घालतात." त्यांनी पिशवीतून एक चकचकीत पाकीट काढलं. त्यावर लहान मुलाच्या डोक्याएवढं लिंबू छापलं होतं. दातांनी कोपरा फाडून त्यांनी मूठ भरली आणि पाल्यावरून पुढे पाऊल टाकलं.

मी मध्ये उभा राहिलो. का ते माहीत नाही. पाय आपसूक गेले.

"बाजूला व्हा, जावईबापू."

"नाही."

दारात बायकोचा हात तोंडावर गेला. या घरात हा शब्द मी याआधी कधी वापरला नव्हता. त्यामुळे तो जरा गंजलेला, घोगरा निघाला.

"घर माझं आहे," सासरे म्हणाले. "झाड माझं आहे."

"हो."

"मूठ माझी आहे."

"हो. पण या मातीत आता कशालाही जागा नाही. मी तपासून आणलीय. दोनदा." मी शेंड्याकडे बोट दाखवलं. "तो बघा. तो काही न घालता आलाय."

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. कोंब सापडायला त्यांना वेळ लागला. मूठ मात्र तशीच होती, छातीशी धरलेली. पूल बांधणारा माणूस. रिकामा हात त्याला माहीतच नसावा.

मी माझा तळहात पुढे केला.

"द्या इकडे," मी म्हणालो.

म्हटल्यावर माझं मलाच ऐकू आलं. कुंपणापलीकडचा खोकलाही थांबला. सासऱ्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा शेंड्याकडे. आणि मग हळूहळू बोटं उघडून त्यांनी ती मूठ माझ्या तळहातावर रिकामी केली. एक दाणा त्यांच्या अंगठ्याला चिकटला होता. तोही त्यांनी झटकून माझ्या हातावर पाडला.

"मग आता मी काय करू?" त्यांनी विचारलं. गुडघ्याच्या डॉक्टरला विचारावं, तसं.

"बसा," मी म्हणालो. बायकोने स्टूल आणलं. ते बसले.

मी खत पाकिटात परत भरलं, वरून सुतळी गुंडाळली आणि गाठ मारली. सासरे टक लावून बघत होते. बटणाच्या वेळी बघत होते, तसेच.

"सैल आहे ती," ते शेवटी म्हणाले. "द्या इकडे."

मी दिली. गाठीतलं त्यांना कळतं.